राणीला धाप लागली!

"बाबा, खरं खरं सांगा हं! तुम्हाला गाडीतलं नक्की कळतं तरी काय?"

शुक्रवारी सकाळी साडेसातला, जाम लावलेला ब्रेड तोंडापाशी नेलेल्या माणसाला विचारायचा हा प्रश्न नव्हे. टिटवीलाही ते कळत होतं. पण पैज म्हणजे पैज! पेन्सिल आणि भोंगा या तिच्या दोन जिवलग मैत्रिणींनी तिला बजावलं होतं की हा प्रश्न शुक्रवारच्या घंटेआधी विचारला नाही, तर आठवडाभर दोघींची दप्तरं टिटवीनं उचलायची. पेन्सिल नावाप्रमाणे काडी होती. पण तिचं दप्तर पोत्याएवढं होतं. आणि भोंगा कानात कुजबुजली तरी पलीकडच्या तिसऱ्या वर्गातली पोरं पाठ वाचायची थांबायची. या दोघींपुढे माघार घेणं शक्यच नव्हतं.

बाबांचा ब्रेड हवेतच थांबला. जामचा एक थेंब शर्टावर पडला. आई ड्यूटीचे बूट चढवता चढवता थबकली.

"म्हणजे?" बाबा म्हणाले.

"म्हणजे असं की राणी तीन आठवडे धापा टाकतेय आणि तुम्ही रोज म्हणता, 'काही नाही गं, हवापालट आहे.' गाडीला कुठं हवापालट असतो, बाबा?"

राणी म्हणजे त्यांची गाडी. वय वर्षं बावीस, म्हणजे टिटवीपेक्षा सात वर्षांनी थोरली, आणि घरातला मानही त्या हिशेबानंच. धावताना राणी अजून झोकात धावायची. पण पाय अॅक्सिलरेटरवरून काढला, गाडी सिग्नलला उभी राहिली की संपलंच! "वूंऽऽऽ... वुं... वुं... वूंऽऽऽ... वुं..." इंजिन आपोआप चढायचं, आपोआप पडायचं, जणू कुणी लठ्ठ पाहुणा चार जिने चढून दाराशी उभा राहिलाय आणि पाणी मागायचंही त्राण त्याच्यात उरलेलं नाही. सगळी गाडी थडथड हलायची. आत बसलेला माणूस "नमस्कार" म्हणाला तर बाहेर "न-न-न-मस्कार" ऐकू जायचं. शाळेच्या फाटकापाशी ती अशी उभी राहिली की पोरी कोरसमध्ये धापा टाकायच्या. राणीचं नाव त्यांनी 'दमेकरी' ठेवलं होतं. मग टिटवीनं बाबांना सांगून टाकलं होतं, "मला अलीकडच्या कोपऱ्यावर सोडत जा. चालणं तब्येतीला चांगलं असतं." बाबांनी विश्वास ठेवला होता. निदान तसं दाखवलं होतं.

एरवी टिटवी असले प्रश्न विचारणारी पोर नव्हती. घरात अखंड टिवटिव, पण शाळेत बाईंनी उठवलं की बाकाखाली पेन शोधायला लागायची. मात्र तीन आठवड्यांपूर्वी विज्ञान प्रदर्शनात तिच्या 'चालत्या फुप्फुसांना' पहिला नंबर मिळाला. बाटलीच्या आत दोन फुगे, खाली रबराचा पडदा. पडदा ओढला की फुगे फुगायचे, सोडला की बसायचे. मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेरच्या काचेच्या कपाटात ती फुप्फुसं आता पदकासकट विराजमान झाली होती. तेव्हापासून टिटवीचा आत्मविश्वास असा काही वाढला की भिंतीवरच्या घड्याळालाही ती "दोन मिनिटं मागं आहेस" म्हणून दटावायची.

"हे बघा," आई बूट बांधून उभी राहिली, "मंगळवारी ती तीनदा बंद पडली. तिसऱ्यांदा हॉस्पिटलच्या फाटकात, अॅम्ब्युलन्सच्या पुढ्यात! अॅम्ब्युलन्सचा ड्रायव्हर खाली उतरून म्हणाला, 'सिस्टर, पेशंट कोण आहे, आतला की ही?' मी ठरवलंय. भंगारवाल्याशी बोलणं झालंय. सोमवारी दहाला टेम्पो येतोय."

"टेम्पो?" बाबा.

"भंगार?" टिटवी.

टिटवी खुर्चीतून ताडकन उठली. कारण राणी तिची होती! म्हणजे अजून नव्हती, पण होणार होती. "तू अठरा वर्षांची झालीस की राणी तुझी," असं बाबांनी तिला ती सहा वर्षांची असताना सांगितलं होतं, आणि तेव्हापासून ती पुढच्या सीटवर बसून मनातल्या मनात गिअर टाकत आली होती. तीनच वर्षं उरली होती. तीन वर्षं बारा ठिकाणी टाके घालून काढता आली असती. पण टेम्पोत चढलेली राणी परत थोडीच उतरणार होती?

बाबांनी ब्रेड ताटलीत ठेवला. "रविवार माझा आहे," ते सेनापतीसारखे म्हणाले. "रविवारी दुपारी एकच्या आत राणी मांजरासारखी घुरघुरली नाही, तर मी स्वतःच्या हातानं तिला टेम्पोत चढवीन!"

"आणि निदान मी करणार!" टिटवीनं टेबलावर मूठ आपटली. "फुप्फुसं कळली त्याला इंजिन काय अवघड आहे! हवा आत, हवा बाहेर!"

*

रविवारी आठ वाजता मोहीम सुरू झाली. घरासमोरच्या गल्लीत राणी बॉनेट उघडून उभी राहिली, दंतवैद्यापुढे आ वासल्यासारखी. बाबांनी बाह्या दुमडल्या. त्यांची हत्यारांची निळी पत्र्याची पेटी उघडली. बाबांचं चष्म्याचं दुकान होतं, आठवड्याचे सहा दिवस लोकांच्या नाकावर भिंगं चढवण्यात जायचे. पण रविवारी ही पेटी उघडली की त्यांची छाती दोन इंच रुंद व्हायची. प्रत्येक पान्याला पेटीत ठरलेली जागा होती, आणि प्रत्येक जागेवर त्यांच्या सुवाच्य अक्षरात चिठ्ठी.

टिटवीनं वही काढली. पानावर तीन रकाने आखले. लक्षण. संशयित. निकाल.

"काय चष्मेवाले!" समोरच्या पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून आवाज आला. "आज ऑपरेशन वाटतं?"

हे ड्रायव्हरकाका. चौतीस वर्षं शहराची बस चालवून निवृत्त झालेले. हातात चहाचा मग, कठड्यावर कोपर. बाबांनी मान वर केली नाही. चार वर्षांपूर्वी राणीतून 'टक टक' आवाज यायचा. बाबांनी दोन महिने सगळी गाडी उसकटली. शेवटी काकांनी गॅलरीतूनच सांगितलं, "डिकीत छत्री आहे का बघा." छत्री होती. तेव्हापासून, मरेन पण काकांना विचारणार नाही, अशी बाबांची प्रतिज्ञा होती.

"पहिला संशयित, स्पार्क प्लग!" बाबा म्हणाले. "चारी वायरी मी काढतो. तू क्रमानं हातात धर. एक, दोन, तीन, चार. क्रम चुकवायचा नाही."

"बाबा, मी पहिला नंबर आहे!"

बाबांनी प्लग काढून लख्ख पुसले. ते होईपर्यंत टिटवी चारी वायरींची टोकं चार बोटांच्या बेचक्यांत धरून उभी राहिली. सगळं ठीक चाललं होतं. पण नाक खाजायला लागलं की पहिल्या नंबरचंही काही चालत नाही. तिनं फक्त एक क्षण, एकच क्षण, दोन वायरी दुसऱ्या हातात घेतल्या.

"लावतो. एक... दोन... तीन... चार. आता किल्ली फिरव!"

टिटवीनं किल्ली फिरवली.

धडाऽऽऽम!

सायलेन्सरमधून असा बार उडाला की गल्लीतली सगळी कबुतरं एकदम उठली आणि परत कुठं बसायचं तेच विसरली. काकांचा चहा खालच्या कुंडीत गेला. दुसऱ्या मजल्यावरच्या बाई लग्नाचा अल्बम आणि मिक्सर पोटाशी धरून रस्त्यावर धावत आल्या. आग लागली तर काय वाचवायचं, हे त्यांचं आधीच ठरलेलं असावं.

"निकाल?" काळवंडलेल्या चेहऱ्यानं बाबांनी विचारलं.

"प्लग निर्दोष," टिटवीनं लिहिलं. वायरींबद्दल तिनं काही लिहिलं नाही.

वायरी जागच्या जागी गेल्या. राणी सुरू झाली. वूंऽऽऽ... वुं... वुं... वूंऽऽऽ...

"दुसरा संशयित, हा स्क्रू!" बाबा वाकले. त्यांनी बारीक पेचकस लावला आणि दुकानातल्या सवयीनं विचारलं, "नीट ऐक हं. आधी बरं होतं..." त्यांनी पाव आटा फिरवला, "...की आता बरं आहे?"

"तेच."

"आधी... की आता?"

"जरा वाईट."

"आधी की आता?"

"बाबा, हे भिंग नाहीये!"

पण बाबांचा हात थांबेना. एका फिरकीला राणी अशी किंचाळली की खिडक्यांच्या काचा थरथरल्या.

"चष्मेवाले!" काका ओरडले. "उडताना सामान जास्त घेऊ नका!"

बाबांनी स्क्रू होता तिथं आणून ठेवला. त्यांच्या कपाळावर घाम, घामावर काजळी, काजळीवर बोटांचे ठसे. साडेदहा वाजले होते.

आता टिटवीनं सूत्रं हातात घेतली. "बाबा, असं आंधळं चाचपून चालणार नाही. फुप्फुसं करताना मी काय केलं? विचार केला! राणी तीन आठवड्यांपूर्वी ठणठणीत होती. मग एकदम आजारी पडली. म्हणजे तीन आठवड्यांपूर्वी कुणीतरी काहीतरी केलंय. आपण उलटतपासणी घेऊ!"

आई गच्चीवरून कपडे वाळत घालून खाली येत होती. टिटवीनं जिन्यातच अडवलं.

"आई, गेल्या महिन्यात तू राणीच्या बॉनेटला हात लावलास?"

"मी? मला ते उघडतं कुठं!"

"म्हणजे उघडायचा प्रयत्न केलास!"

"हे बघ, बादली घे आधी हातातली."

टिटवीनं बादली घेतली आणि लिहिलं: आई, संशयास्पद. मग ती बाबांकडे वळली.

"बाबा, तुम्ही?"

"मी काय? मी... एअर फिल्टर बदलला होता."

"कधी?"

"असेल... महिना झाला असेल. पंधरा दिवस? नाही, तीन..." बाबांचा आवाज बारीक होत गेला.

"अहाऽऽ!" टिटवीनं पेनाची टोपी दातांनी उघडली. मुख्य संशयित: बाबा. खाली दोन रेघा ओढल्या. आपण कसल्या भारी गुप्तहेर आहोत, या आनंदात तिनं घरातल्या सगळ्यांची तपासणी केली. फक्त एका व्यक्तीची राहिली, कारण ती व्यक्ती वही धरून उभी होती.

*

साडेअकराला सायकलींच्या घंटा वाजल्या. पेन्सिल आणि भोंगा हजर!

"विचारलास ना प्रश्न?" भोंगा कुजबुजली. दुसऱ्या मजल्यावरच्या बाई अल्बम घेऊन वर चालल्या होत्या, त्या "कुठला प्रश्न?" म्हणून वळल्या.

"विचारला."

"मग उत्तर काय? काय कळतं तुझ्या बाबांना?"

"उत्तर एकला मिळेल," टिटवी ऐटीत म्हणाली. पण तिनं राणीकडे पाहिलं, आणि ऐट जराशी ढासळली. राणी धापा टाकतच होती. दीड तास! मग टेम्पो.

तेवढ्यात समोरच्या जिन्यावर चपला वाजल्या. ड्रायव्हरकाका खाली उतरत होते. हातात रिकामा मग. "मला कुणी विचारलेलं नाही," त्यांनी येता येताच जाहीर केलं. "मी फक्त माझ्या कुंडीतला चहा बघायला आलोय."

ते राणीपाशी थांबले. डोळे मिटले. एक चढ ऐकला, एक उतार ऐकला. मग कुणाकडेही न बघता म्हणाले, "चोरून हवा घेतेय."

"कोण?" बाबांच्या तोंडून निसटलंच. चार वर्षांची प्रतिज्ञा एका शब्दावर फुटली.

"तुमची राणी. इंजिनाला एकच नाक असतं. त्या नाकातून हवा मोजून आत जायला हवी. दुसरीकडे कुठं भोक पडलं की न मोजलेली हवा घुसते, मग त्याला कळत नाही आपण किती श्वास घेतला. दचकून चढतं, दचकून पडतं. ते भोक शोधा, झालं काम. बारीक शिट्टीसारखा आवाज असतो. पण एवढ्या गडबडीत ऐकू कसा येणार?"

"बाजूला व्हा," मागून आवाज आला.

आई! गळ्यात स्टेथोस्कोप. लहान मुलांच्या वॉर्डात सतरा वर्षं काढलेली नर्स. रडणाऱ्या चाळीस पोरांतून एकाची छाती घरघरतेय हे दारातून ओळखणारी.

"तासभर बघतेय मी," ती म्हणाली. "पेशंट तोंडानं सांगतोय मला धाप लागते, आणि तुम्ही त्याचे दात घासताय. याला तपासणं म्हणतात? टिटवे, वही ठेव. अहो, तो पाना खाली ठेवा, कुणाला तरी लागेल."

"वहिनी, त्या पंख्यापासून नळी लांब ठेवा हं," काकांनी बजावलं.

आईनं पदर खोचला. स्टेथोस्कोपची चकती इंजिनाच्या उजव्या अंगाला लावली. "घाबरायचं नाही हं, राणी. मोठा श्वास घ्यायचा." सवय! सगळे श्वास रोखून उभे. भोंगासुद्धा. चकती सरकली. डावीकडे. वर. मागे, खाली, जिथं हात जेमतेम पोचतो तिथं. आईची भुवई वर गेली.

"इथे."

"काय?"

"इथे शिट्टी वाजतेय. बोटाएवढी धातूची नळकांडी आहे, तिचं तोंड उघडंच आहे. हवा आत ओढतेय, माझा हातमोजा असता तर गिळला असता."

आणि वॉर्डात भळभळणारी जखम दाबावी तसा तिनं त्या तोंडावर अंगठा दाबला.

वूंऽऽऽ... वुं... वुं... घुर्रर्रर्रर्र.

राणी शांत झाली. खरोखर मांजरासारखी! बॉनेटची थडथड थांबली. छतावरचं एक वाळकं पान सकाळपासून नाचत होतं, ते स्थिर झालं. गल्लीत अशी शांतता पसरली की वरच्या घरातला नळ ठिबकताना ऐकू आला.

"आई, तू शोधून काढलंस!" टिटवी टुणकन उडाली. "बाबा, वाचली! राणी वाचली! पावणेबाराच वाजलेत!"

बाबा हसले, काका हसले, पेन्सिलनं टाळ्या वाजवल्या.

"छान," आई वाकलेल्या अवस्थेतूनच म्हणाली. "आता मी काय करू? जन्मभर अंगठा धरून इथंच उभी राहू? दुपारी ड्यूटी आहे माझी."

"हलू नका वहिनी," काकांनी आत डोकं घातलं. "इथं रबराची नळी असणार. वीतभर असेल. ती निघालीय. चष्मेवाले, नळी कुठंय?"

"नळी?"

"काळी असते. या मॉडेलला कडेनं पिवळी रेघ असते तिच्यावर. आपोआप निघाली असती तर इथंच कुठंतरी अडकलेली दिसली असती. पण दोन्ही टोकं मोकळी आहेत. म्हणजे कुणीतरी काढलीय. मुद्दाम."

काळी. वीतभर. पिवळी रेघ.

टिटवी उडी मारायच्या बेतात होती, ती अर्ध्यातच थांबली.

प्रदर्शनाची आदली संध्याकाळ तिच्या डोळ्यांपुढे लख्ख उभी राहिली. बाटली तयार. फुगे तयार. श्वासनलिका मात्र जमेना! बागेची नळी जाड, शरबताची नळी बारीक. आणि मग तिला आठवलं होतं, बाबा रविवारी बॉनेट उघडतात तेव्हा आत किती नळ्या दिसतात! त्यातली एक मागच्या बाजूला नुसती पडून होती. काही करत नव्हती. हलत नव्हती, आवाज करत नव्हती. शोभेची वाटली. प्रदर्शन झालं की परत लावायची, असं तिनं स्वतःला बजावलं होतं. पण मग पहिला नंबर आला, पदक आलं, फोटो निघाले, कपाट आलं... आणि परीक्षकबाईंनी तर चष्मा वर करून लिहून ठेवलं होतं: "श्वासनलिका विशेष खरी वाटते."

वाटणारच! बावीस वर्षं श्वास घेत होती ती!

टिटवीनं सांगायला एक पाऊल पुढं टाकलं. आणि मागं घेतलं. पेन्सिल आणि भोंगा दोन हातांच्या अंतरावर उभ्या होत्या. उद्या सगळ्या शाळेत होईल: पहिल्या नंबरची फुप्फुसं कुणाच्या छातीतून काढली!

आणि तेवढ्यात बाबा बोलले.

"माझ्याच हातून निघाली असणार," ते हळूच म्हणाले. "फिल्टर बदलताना काढली असेन. परत लावायची विसरलो, नळी कुठंतरी पडून गेली." त्यांनी फडकं घेतलं. एकेक पाना पुसून पेटीत त्याच्या त्याच्या चिठ्ठीवर ठेवायला लागले. बारा नंबर. चौदा नंबर. पेचकस. शेवटी झाकण लावलं. "काका, ही पेटी तुम्ही ठेवा."

"अहो, मी काय करू?"

"तुम्हाला कळतं. माझं आपलं उगाच. डिकीत छत्री, इंजिनात भोक. पोरीनं परवा बरोबर विचारलं. मला काहीच कळत नाही." त्यांनी मुलींकडे बघून हसायचा प्रयत्न केला. "मिळालं ना गं तुम्हाला उत्तर?"

भोंगानं सायकलची घंटा उगाच पुसायला घेतली.

टिटवीनं वहीतली ती ओळ पाहिली. मुख्य संशयित: बाबा. दोन रेघा. पेनाची शाईसुद्धा वाळली नव्हती. तिचा स्वतःचाच श्वास वूंऽऽऽ चढला आणि वुं करून पडला.

"थांबा!" ती एवढ्यानं ओरडली की कबुतरं पुन्हा उठली. "पेटी देऊ नका! नळी मी काढली! बाबांनी नाही, मी! ती शाळेत आहे! फुप्फुसांत! कपाटात! पदकाशेजारी!"

 राणी आईच्या अंगठ्याखाली घुरघुरत होती.

"तू," आई बॉनेटखालून म्हणाली, "राणीची श्वासनलिका काढून फुप्फुसांना लावलीस?"

"हो."

"आणि माझी जिन्यात उलटतपासणी घेतलीस? बादलीसकट?"

"हो..."

"आणि बक्षीस मिळवलंस?"

"पहिलं," टिटवी रडवेली होऊन म्हणाली. "आणि मघाशी वायरींचा क्रमही मीच चुकवला. नाक खाजत होतं."

तिनं बाबांकडे पाहिलं. आता काय? बाबा पेटी धरून तसेच उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हळूहळू उजाडत होतं.

"म्हणजे... मी विसरलो नव्हतो?"

"नाही."

"म्हणजे फिल्टर मी नीट बसवला होता? वायरीही मी बरोबर लावल्या होत्या?"

"अगदी बरोबर."

"ऐकलंत काका? ऐकलंस गं?" बाबांनी पेटी छातीशी धरली, हरवलेलं मूल तीन आठवड्यांनी सापडावं तशी. "मी विसरलो नव्हतो! माझ्या हातात काही दोष नाही!" आणि ते हसत सुटले. ते हसले तसे काका हसले, काका हसले तशी पेन्सिल, आणि भोंगा हसल्यावर तर दुसऱ्या मजल्यावरच्या बाई पुन्हा अल्बम घेऊन खाली आल्या. टिटवीला वाटलं, आपल्या छातीवरूनच कुणीतरी बावीस वर्षांची गाडी उचलून बाजूला ठेवली!

"हसून झालं असेल तर," आई म्हणाली, "माझा अंगठा बधिर झालाय."

काका धावत वर गेले आणि हातात पारदर्शक नळीचा तुकडा घेऊन आले. "फिशटँकची आहे. काळजी नको, मासे त्यांच्या नळीवर आहेत, ही उरलेली. उद्या संध्याकाळपर्यंत सहज टिकेल. तोवर खरी आणा." त्यांनी नळी बाबांच्या हातात दिली आणि मागं सरकले. "बसवा तुम्हीच. गाडी तुमची."

बाबांनी पेटी उघडली. नळी बसवली. दोन्ही टोकं दाबून पाहिली. आईनं अंगठा काढला. राणीनं एक हुंकार दिला, आणि मग घुर्रर्रर्रर्र. घड्याळात बारा वाजून दहा मिनिटं झाली होती.

"आधी बरं," बाबांनी सगळ्यांना विचारलं, "की आता?"

*

दुपारी जेवायला बसण्याआधी आईनं टेम्पोवाल्याला फोन केला. "नको," ती म्हणाली. "पेशंट बरा झाला." मग तिनं फोन ठेवला, अंगठ्याला मलम लावलं आणि टेबलाशी बसली. बाबा ताटलीपुढे बसून उगाचच गुणगुणत होते. नखांत अजून काजळी होती आणि ती धुवायची त्यांना काही घाई नव्हती.

टिटवी मात्र उभीच होती. खुर्चीच्या पाठीवर दोन्ही हात, मान ताठ.

"मी ठरवलंय," तिनं जाहीर केलं.

"अरे देवा," आई म्हणाली.

"ऐका तर! एक. उद्या मी मुख्याध्यापकांना सगळं खरं सांगणार. कपाट उघडायला लावणार आणि राणीची नळी परत आणणार. फुप्फुसांना काकांची नळी बसवीन. माशांना चालते, तर माणसांना न चालायला काय झालं? पदक ठेवायचं की नाही, ते त्यांचं त्यांनी ठरवावं."

आईनं बाबांकडे पाहिलं. बाबांनी आईकडे.

"दोन. बाबा, उद्यापासून मला कोपऱ्यावर सोडायचं नाही. फाटकासमोर सोडायचं. इंजिन बंद न करता! सगळ्यांनी ऐकलं पाहिजे."

बाबांनी घसा खाकरला. चष्मा काढला, पुसला, परत घातला. भिंग मुळीच खराब नव्हतं.

"आणि तीन!" टिटवीचा आवाज आता तारसप्तकात पोचला. "पुढच्या वर्षीच्या प्रदर्शनात मी हृदय करणार! चालतं! चार कप्प्यांचं!"

"वा," आई सवयीनं बोलून गेली, "पण त्याला मोठ्या नळ्याच आठ लागतात हं."

 बाबा उठले, खिळ्यावरची राणीची किल्ली काढली आणि खिशात टाकली.